खेळणाऱ्या मुलींचे गुडघे



पावसाळा ओसरला, मैदाने वाळली, की शाळाशाळांतून सामन्यांची धांदल उडते. कुठे खो-खो, कुठे कबड्डी, कुठे धावण्याच्या शर्यती. याच दिवसांत घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते, "आई, गुडघा ठणकतोय ग!" आणि या तक्रारीला आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली असतात. एक, "वाढीचं वय आहे, दुखायचंच. तेल लाव आणि झोप." आणि दुसरे, "पुरे झाला आता तो खेळ! उद्या पाय अधू झाला म्हणजे?"

पहिल्या उत्तराने खरे दुखणे अंगावर काढले जाते. दुसऱ्याने मुलीचा खेळ कायमचा सुटतो. मुलगा असला तर चार दिवसांनी तो पुन्हा मैदानावर दिसतो. मुलीचा सुटलेला खेळ मात्र सहसा परत येत नाही. या दोन्हींच्या मधली वाट कोणती, ते आज पाहू. मी डॉक्टर नाही. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई आहे. पण मैदानाच्या कडेला उभे राहून, हाडांच्या डॉक्टरांना विचारून आणि थोडेफार वाचून जे पक्के कळले, तेवढेच सांगते.

खो-खोत गुडघ्याला काय होते?

आपल्या मुलींचा आवडता खेळ म्हणून खो-खोच घेऊ. पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठ जणी आळीपाळीने उलट तोंडे करून उकिडव्या बसतात, नववी धावते. पाठीवर "खो" मिळाला, की बसलेल्या मुलीने क्षणात उठून वेग घ्यायचा. मधली रेषा ओलांडायची नाही, मागे फिरायचे नाही, खांबाला वळसा घालूनच दुसऱ्या बाजूला जायचे. पळणारी हुलकावणी देते, म्हणून खांबाशी सूर मारायचा, तोही पुष्कळदा गुडघ्यांवर. आता हिशेब करा. तासाभराच्या सरावात बसणे-उठणे किती वेळा आणि वळणे किती वेळा! मांडीचा मोठा स्नायू प्रत्येक वेळी गुडघ्याची वाटी वर खेचतो आणि वाटी खालच्या नडगीच्या हाडाला ओढ देते.

खेळ वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राचीच. तेव्हा खेळ चालू राहावा आणि गुडघाही शाबूत राहावा, हेच आपल्याला साधायचे आहे.

वाटीखालचा उंचवटा

सर्वांत जास्त आढळणारे दुखणे आधी. वाटीच्या खाली दोन बोटांवर नडगीचे हाड सुरू होते, तिथे एक लहानसा उंचवटा हाताला लागतो. मांडीच्या स्नायूची दोरी तिथेच बांधलेली असते. मोठ्या माणसात ती जागा पक्क्या हाडाची असते. वाढत्या मुलांत मात्र ती अजून कूर्चेची, म्हणजे कच्ची असते. नुकताच गिलावा केलेल्या भिंतीत खुंटी ठोकावी आणि तिला रोज कपड्यांचे ओझे लटकवावे, तर काय होईल? खुंटीभोवतीचा गिलावा सैल होईल. इथेही तसेच होते. त्यातून वयात येताना उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, पण स्नायू त्या मानाने मागे राहतात आणि ताणले जातात.

या दुखण्याला दोन डॉक्टरांची नावे आहेत. अमेरिकेतले ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लाटर यांनी १९०३ साली ते वेगवेगळे वर्णन करून ठेवले, म्हणून ऑसगुड-श्लाटर. मुलींना ते बहुधा ८ ते १३ या वयात होते, मुलांना १० ते १५ च्या दरम्यान. खूण सोपी आहे. त्या उंचवट्यावर बोटाने दाबले, की मुलगी "आई ग!" करते. धावताना, उड्या मारताना, जिना चढताना दुखते, बसून राहिले की कमी होते. गुडघे टेकून बसणे नकोसे होते. काहींना एकाच पायाला, काहींना दोन्हींना.

आता दिलासा. हाडाची वाढ पुरी झाली, ती जागा पक्की झाली, की हे दुखणे बहुतेक मुलींत आपोआप थांबते. मात्र ते आठवड्यात थांबत नाही; महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्षही. उंचवटा थोडा मोठा राहून जातो, पण त्याने काही बिघडत नाही.

तोपर्यंत काय करायचे? खेळ सर्वस्वी बंद करण्याची गरज बहुधा नसते. जे केल्याने दुखते ते कमी करायचे. सूर मारणे, उड्या, बेडूकउड्यांची शिक्षा (हो, अजूनही काही शाळांत ही शिक्षा देतात!) हे काही आठवडे वर्ज्य. चालणे, पोहणे, सायकल, हाताचे व्यायाम चालू ठेवायचे. एक साधा नियम लक्षात ठेवा. खेळताना थोडेसे दुखले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय नेहमीसारखा असला, तर तेवढा खेळ चालेल. सकाळी मुलगी लंगडत उठली, तर कालचा खेळ जास्त झाला, आज कमी करा.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. आठवीत होती, चपळ, १४ वर्षांखालील संघात तिचे नाव पक्के. त्या गटातले तिचे शेवटचे वर्ष. गुडघ्याखाली गाठ दिसू लागली, तशी घरी घबराट उडाली. आई शिवणकाम करून संसार चालवणारी. मला भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, नाव काढून टाका तिचं. पायाला काही झालं तर आयुष्यभर मलाच निस्तरावं लागेल." तिचे चूक तरी कसे म्हणू? दुसरीकडे सरांचे म्हणणे, "एवढा एक सामना पट्टा बांधून खेळू दे, मग करू दे आराम." मुलगी दोघांच्या मध्ये, रडवेली. मी एवढेच म्हटले, "ताई, नाव काढायचं की ठेवायचं, ते डॉक्टरांना दाखवल्यावर ठरवू." डॉक्टरांनी दाबून पाहिले, दुखणे हेच म्हणून सांगितले. सहा आठवडे उड्या आणि सूर बंद, व्यायाम रोज. सामना चार आठवड्यांवर होता, तो चुकला. ती संघाबरोबर गेली, कडेला बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली, असे तिच्या आईने सांगितले. पण पुढच्या वर्षी ती १७ वर्षांखालील संघातून खेळली. उंचवटा अजून आहे. आजी अजून कुरकुरते. आई मात्र सामना पाहायला आली होती.

जिना उतरताना दुखणारा गुडघा

दुसरा प्रकार जरा मोठ्या मुलींत जास्त. दुखते वाटीच्या मागे किंवा भोवताली, नेमके बोट ठेवता येत नाही. जिना उतरताना, उकिडवे बसताना, वर्गात बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर ठणका लागतो. सूज बहुधा नसते, एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "नाटकं करते अभ्यास नको म्हणून." नाटक नसते हो! मांडीचे आणि कमरेखालचे स्नायू कमजोर असले, किंवा सराव एकदम वाढवला, की वाटीवर ताण येतो. यावर उपाय औषधाचा नाही, व्यायामाचा आहे, आणि त्याला दोन-तीन महिने नेटाने द्यावे लागतात.

घरच्या घरी एक गोष्ट पाहा. मुलीला एका पायरीवरून सावकाश खाली पाऊल टाकायला सांगा आणि समोर उभ्या राहा. वरच्या पायाचा गुडघा सरळ पावलाच्या रेषेत वाकतो, की आत दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो? झुकत असेल, तर कमरेचे आणि मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत असे समजा.

लहान खेळाडूंची टाचही अशीच दुखते. ८ ते १४ वर्षांची मुले धावून आल्यावर चवड्यांवर चालू लागली, तर टाचेच्या हाडाची कच्ची जागा ताणली गेली असेल. नियम तोच: खेळ कमी, पोटरीला हलका ताण, आणि टाचेला मऊ गादी असलेले बूट.

अचानक झालेली इजा

वरची दुखणी हळूहळू येतात. याचा प्रकार निराळा. धावता धावता मुलगी एकदम वळते किंवा उडी मारून पाय टेकते, गुडघ्यात "कट्" असा आवाज होतो, ती खाली बसते, आणि दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. अशा वेळी गुडघ्याच्या आतले मुख्य लिगामेंट, ज्याला क्रिकेटच्या बातम्यांत ए. सी. एल. म्हणतात, ते तुटले असण्याचा मोठा संभव असतो. वळण्या-उडण्याच्या खेळांत ही इजा मुलग्यांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते. शरीराची ठेवण, स्नायूंचे बळ, उडीनंतर पाय टेकण्याची पद्धत आणि मुलींना मिळणारे अपुरे शिक्षण, अशी त्याची अनेक कारणे सांगतात.

इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. "एक्स-रे चांगला आहे, हाड मोडलेलं नाही," एवढ्यावर समाधान मानू नका. सूज उतरली, मुलगी चालू लागली, पण वळताना गुडघा दगा देतो, सटकल्यासारखा होतो, असे ती म्हणाली, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या. एम. आर. आय. लागेल का, ते त्यांना विचारा. तसेच खेळत राहिले, तर गुडघ्यातल्या गाद्या फाटतात, आणि ते नुकसान आयुष्यभराचे असते. शस्त्रक्रिया झालीच, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. घाई करणाऱ्यांना तेच लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका असतो.

शेकायचे की बर्फ लावायचा?

आता आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न! ताज्या इजेला पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे नको. आंबेहळदीचा गरम लेपसुद्धा तेवढे दिवस राहू द्या. गरमीने आणि चोळण्याने आतला रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. आणि "सांधा बसवून देतो" म्हणून हिसका देणाऱ्या हाडवैद्याकडे तर मुळीच नेऊ नका. वाढत्या हाडाची कच्ची जागा हिसक्याने सरकू शकते.

बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी ओल्या नॅपकिनात गुंडाळून १५ मिनिटे ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. फ्रीज नसेल, तर माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचा घडी करून ठेवा, पुन्हा पुन्हा बदला. लवचीक पट्टी फार घट्ट नको. बोटे गार किंवा निळसर झाली, तर लगेच सोडा. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच.

विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली दिला. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले, की फार बर्फ आणि फार विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. म्हणून बर्फ हा दुखणे कमी करण्यापुरता. पाय साधा मुरगळला असेल, तर दोन-तीन दिवसांनी सोसेल तितकी हालचाल सुरू करावी. खाटेला खिळवून ठेवू नये.

आणि वेदनाशामक गोळी देऊन मुलीला मैदानावर पाठवणे, हे कदापि नको. दुखणे ही घरातली घंटा आहे. घंटेत बोळा कोंबला म्हणून दारातला चोर जात नाही. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, आणि मुलांना ॲस्पिरिन तर आपल्या मनाने कधीच नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

खालीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी "पाहू चार दिवस" असे म्हणू नका.

१. इजेनंतर पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नाहीत, किंवा गुडघा काटकोनात वाकत नाही.

२. गुडघा सुजून लाल आणि गरम आहे, आणि ताप आहे. सांध्यात पू झाला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. खेळ नसतानाही दुखते, रात्री झोपेतून जाग येते, वजन घटते, किंवा हाडावर गाठ वाढत चालली आहे. हाडाची गंभीर दुखणी या वयात गुडघ्याजवळच जास्त होतात. क्वचित होतात, पण लवकर कळली तरच उपयोग.

४. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही.

५. मूल लंगडते, गुडघा दुखतो म्हणते, पण गुडघ्यात काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. विशेषतः अंगाने स्थूल मुलांत खुब्याचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकतो, आणि मग एकेक दिवस मोलाचा असतो.

इजा होऊच नये म्हणून

सराव किती असावा याचे एक सोपे माप क्रीडावैद्यकातले जाणकार देतात: मुलीचे वय जितकी वर्षे, आठवड्याला शिस्तीचा सराव तितक्या तासांच्या आत. म्हणजे १२ वर्षांच्या मुलीला आठवड्याला १२ तासांहून कमी. आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुटी, आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळाला रजा देऊन दुसरे काही खेळावे. एकच मुलगी शाळेच्या संघात, क्लबात आणि शिबिरातही असते. तिन्ही ठिकाणचे सर आपापला हिशेब पाहतात. बेरीज करणारे कुणीच नसते, ती आपण करायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे लिटर मांडतो ना? शेजारी सरावाचे तासही मांडा.

खेळाआधी १५-२० मिनिटांचा योग्य व्यायाम केल्याने इजा बऱ्याच कमी होतात, हे फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. घरी रोज दहा मिनिटांत एवढे करून घ्या:

पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, पाच आकडे मोजून खाली, असे दहा वेळा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली, १५ वेळा. दात घासताना एका पायावर उभे राहायचे, अर्धे मिनिट हा, अर्धे मिनिट तो. दुखत नसेल तेव्हा लहान लहान उड्या, पण पाय टेकताना आवाज होता कामा नये. गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. मी मुलींना सांगते, "मांजरीसारख्या उतरा, पोत्यासारख्या नको!"

खाण्याचेही पाहा. मैदानावर तास दोन तास घाम गाळणाऱ्या मुलीला चहा-बिस्किटांवर राहून कसे चालेल? सरावाआधी केळे किंवा गुळाची पोळी, नंतर उसळ-भाकरी, अंडे, दूध. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा तरी होऊ द्या. आणि एक गोष्ट आईच विचारू शकते. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षे पुरी होऊनही सुरू झाली नाही, तर "खेळते ना, म्हणून" असे म्हणून सोडून देऊ नका. पोटात पुरेसे जात नसेल, तर पाळी थांबते आणि हाडेही ठिसूळ होतात. मग साध्या धावण्यानेही हाडाला तडा जातो. डॉक्टरांना दाखवा.

दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे आई-वडिलांचा आणि सरांचा जीव सामन्यात अडकतो, हे मला कळते. पण गुण एका वर्षाचे असतात, गुडघा पुढच्या साठ वर्षांचा. आणि भीतीपोटी खेळच बंद करणाऱ्या आयांनाही सांगते: याच वयात धावण्या-उड्यांनी हाडे भक्कम होतात. पुढे चाळिशी-पन्नाशीत आपल्यासारखी कंबर धरून बसायची वेळ येऊ नये, म्हणून तरी मुलींना खेळू द्या.

या आठवड्यात एवढेच करा. संध्याकाळी मुलगी मैदानावरून आली, की तिला समोर बसवा, दोन्ही गुडघे उघडे करायला सांगा आणि सारखे दिसतात का ते पाहा. वाटीखालच्या उंचवट्यावर बोटाने हलके दाबून विचारा, "इथे दुखतं का ग?" पुष्कळ मुली संघातून काढतील या भीतीने दुखणे लपवतात. आई खेळ बंद करणार नाही, एवढी खात्री पटली, की त्या आपण होऊन सांगतात.

पुढच्या आठवड्यात मुलांच्या डब्याविषयी. पौष्टिक, पण शाळेतून तसाच परत न येणारा डबा कसा भरायचा ते पाहू. तुमच्या युक्त्या जरूर कळवा.